भूकंपाच्या धड्यात घर्षणाला जागा द्या : भूगोलाची पाठ्यपुस्तके घडवणाऱ्यांना खुले पत्र

भूगोल अभ्यास मंडळांचे सदस्य, पाठ्यपुस्तकांचे लेखक व संपादक, आणि त्यांतल्या आकृत्या काढणारे चित्रकार यांस,

सविनय नमस्कार.

‘भूपट्ट एकमेकांवर आदळतात आणि त्यामुळे भूकंप होतात.’ अंतर्गत हालचालींच्या धड्यात भूकंपाचे कारण बहुधा या एका वाक्यात उरकलेले असते. पुढच्या ओळीपासून नाभी (भूकंप सुरू होतो ती खोलवरची जागा), अपिकेंद्र (तिच्या नेमके वरचे पृष्ठावरचे ठिकाण), लहरींचे प्रकार आणि परिणामांची यादी सुरू होते. हे वाक्य पाठ असलेल्या मुलाला एकच प्रश्न विचारून पाहा. भूपट्ट तर वर्षाचे बारा महिने सरकत असतात. मग त्यांच्या सीमेवरच्या एखाद्या ठिकाणी मोठा भूकंप शंभर-दोनशे वर्षांतून एकदाच का होतो? मधल्या काळातले ते सरकणे जाते कुठे? धड्यात याचे उत्तर सापडत नाही, आणि भूकंप का होतो हे खरे तर त्या उत्तरातच आहे.

भूपट्टाचा आतला भाग संथपणे पुढे जात राहतो, पण त्याची कड शेजारच्या भूपट्टाला घर्षणाने घट्ट धरून बसलेली असते. आतला भाग पुढे आणि कड जागच्या जागी, म्हणून मधला खडक वाकतो. खडक स्थितिस्थापक, म्हणजे ताण सुटला की मूळ आकाराला येणारा, असल्यामुळे वाकलेल्या खडकात ऊर्जा साठते. खडकातल्या ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात तिला भ्रंश आणि तिच्या पृष्ठाला भ्रंशतल म्हणतात. भ्रंशतलावरचा ताण घर्षणाच्या ताकदीपलीकडे गेला की कड सुटते आणि शतकभराची थकबाकी काही सेकंदांत चुकती होते. भूपट्टांना ढकलणारी-ओढणारी बळे, त्यांना धरून ठेवणारे घर्षण आणि दोघांच्या मध्ये वाकणारा खडक, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या तरच भूकंप होतो. आपल्या धड्यात पहिली आहे, उरलेल्या दोन नाहीत. त्या दोन याव्यात, एवढ्यासाठी भूकंपशास्त्र आणि भूविज्ञान शिकवणाऱ्या आम्ही काही जणांनी हे पत्र लिहिले आहे.

हा शोध काही नवा नाही. १८९१ मध्ये जपानमध्ये मिनो-ओवारी भूकंप झाला तेव्हा जमीन लांबवर फाटली आणि मिदोरी या गावाजवळ एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे ६ मीटर वर आली. बुंजिरो कोतो यांनी ती भेग पाहून ठामपणे मांडले की अशी भेग हा भूकंपाचा परिणाम नसून तेच त्याचे कारण आहे. पुढचा टप्पा १९०६ चा. १८ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला आणि कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रिआस भ्रंश सुमारे ४७० किलोमीटर लांबीवर सरकला. भ्रंशावरून जाणारे रस्ते आणि कुंपणे तुटून बाजूला गेली. कमाल सरक सुमारे ६ मीटर होती. त्या भागाची त्रिकोणमितीय सर्वेक्षणे १८५० च्या दशकापासून झालेली होती. भूकंपानंतर तेच बिंदू पुन्हा मोजले गेले आणि हॅरी फील्डिंग रीड यांनी दोन्ही मापे शेजारी ठेवली. भूकंपात भ्रंशालगतचे बिंदू सर्वाधिक सरकले होते, लांबचे बिंदू त्याहून कितीतरी कमी. लांबचे बिंदू मात्र भूकंपाच्या आधीची पन्नासेक वर्षे हळूहळू सरकत आले होते. म्हणजे लांबच्या जमिनीने आधीच कापलेले अंतर भ्रंशालगतच्या जमिनीने एका झटक्यात भरून काढले. १९१० मध्ये रीड यांनी यावरून मांडलेला स्थितिस्थापक प्रतिक्षेपाचा सिद्धांत आजही या विषयाचा पाया आहे. भूपट्टांची कल्पना मान्य होण्यापूर्वी अर्धशतक हे कोडे सुटले होते, आणि ते सुटले केवळ काटेकोर मोजणीने. मुलांना विज्ञान कसे चालते हे दाखवायला इतके चांगले उदाहरण असताना ते धड्याबाहेर का राहावे?

आज हीच मोजणी जीपीएस केंद्रे रोज करतात, आणि त्यातून वर्गात सोडवता येईल असा एक आलेख मिळतो. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत वर्षाला ३.५ सेंटिमीटर सरकतात असे धरा. सॅन अँड्रिआसच्या मधल्या भागात वेग साधारण इतकाच आहे. भ्रंश पृष्ठापासून १५ किलोमीटर खोलीपर्यंत अडकलेला आहे आणि त्याखाली मोकळा सरकतो आहे असेही धरा. मग खूप लांबचे केंद्र भ्रंशाच्या तुलनेत वर्षाला १.७५ सेंटिमीटर वेगाने जाते, भ्रंशापासून १५ किलोमीटरवरचे केंद्र त्याच्या निम्म्या वेगाने, आणि अगदी भ्रंशावरचे केंद्र जवळजवळ स्थिर राहते. अंतर आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर घेतला की मध्ये तीव्र चढ आणि दोन्ही टोकांना सपाट असा वक्र मिळतो. अडकलेली जागा जितकी उथळ, तितका मधला चढ तीव्र. पृष्ठावरच्या मोजमापातून खाली किती खोलवर भ्रंश अडकला आहे हे काढता येते, ते याच वक्रामुळे. या हिशेबाने १५० वर्षांत ५.२५ मीटरची थकबाकी साठते. ही संख्या १९०६ च्या कमाल सरकेजवळ जाते हे मुलांनी स्वतः गुणाकार करून पाहिले, तर ते सहसा विसरणार नाहीत.

त्याच भ्रंशाचा एक भाग, पार्कफील्ड आणि सॅन ह्वान बाउतिस्ता यांच्यामधला, अडकतच नाही. तिथे भ्रंश संथपणे घसरत राहतो, त्यावर बांधलेल्या भिंती वर्षानुवर्षे थोड्या थोड्या वाकत जातात, आणि मोठे भूकंप त्या पट्ट्यात झाल्याची नोंद नाही. एकच भ्रंश, दोन्ही बाजूंना तेच दोन भूपट्ट. फरक आहे तो फक्त भ्रंशतल धरून बसते की नाही याचा. घर्षण धड्यात का हवे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा आम्हाला देता येणार नाही.

घर्षण किती असते याचाही अंदाज द्यावा. १० किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब सुमारे २६५ मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या २,६०० पट असतो. जेम्स बायर्ली यांनी प्रयोगशाळेत दाखवले की बहुतेक खडकांचा घर्षणांक (घर्षणाचे दाबणाऱ्या बळाशी गुणोत्तर) ०.६ ते ०.८५ या मर्यादेत राहतो, मग तो ग्रॅनाइट असो वा चुनखडक. काही मातकट खनिजे तेवढी याला अपवाद आहेत. याच बायर्लींनी विल्यम ब्रेस यांच्याबरोबर १९६६ मध्ये सुचवले की दाबाखालचा खडक अडकत-सुटत सरकतो आणि भूकंप म्हणजे नेमके तेच. भूकंपात सुटणारा ताण साधारण १ ते १० मेगापास्कल असतो. ३ मेगापास्कल धरला आणि खडकाची दृढता, म्हणजे आकार बदलायला त्याचा होणारा विरोध, ३० गिगापास्कल घेतली तर विकृती निघते दहा हजारात एक: एका किलोमीटरच्या खडकाला १० सेंटिमीटर तिरके ओढावे इतकीच. पण हे दहा सेंटिमीटर पन्नास किलोमीटर रुंदीच्या खडकात साठले की पाच मीटर होतात. साठा मोठा होतो तो खडक फार वाकल्यामुळे नव्हे, तर फार मोठा खडक थोडासा वाकल्यामुळे.

खाली गेल्यावर हे अडकणे संपते. भूखंडाच्या कवचात तापमान किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला क्वार्ट्‌झ तुटण्याऐवजी संथपणे वाहू लागतो, सुमारे ४५० अंशांला फेल्डस्पार. त्यामुळे भूखंडांवरचे बहुतेक भूकंप वरच्या १५-२० किलोमीटरांतच होतात. ही मर्यादा आकृतीत एका तुटक रेषेने दाखवता येईल. वर ‘अडकतो आणि सुटतो’, खाली ‘वाहतो’.

आता बळांकडे. इथे आमची तक्रार मुख्यतः आकृतीबद्दल आहे. कवचाखाली लालभडक द्रव भरलेला, त्यात गोल फिरणारे बाण आणि त्यांवर तरंगणारे भूपट्ट, असे चित्र पिढ्यान्‌पिढ्या छापले जाते आहे. प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांमधला थर, द्रव नाही. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, आणि त्या प्रावरणातून अगदी तळापर्यंत, सुमारे २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत जातात. त्या अडतात बाह्यगाभ्यापाशी. म्हणजे द्रव आहे तो बाह्यगाभा, ५,१५० किलोमीटरपर्यंत. त्याच्या आत घन अंतर्गाभा आहे हे इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये दाखवले. प्रावरण घन आहे आणि तरीही लाखो वर्षांच्या मापाने वाहते, हिमनदीचा घन बर्फ वाहतो तसे. याचा पुरावा आजही मोजता येतो. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याने दबलेले स्कँडिनेव्हिया, ते ओझे वितळून हजारो वर्षे झाली तरी, बोथनियाच्या आखाताच्या भागात वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वर येते आहे, कारण खालचे प्रावरण सावकाश परत भरते आहे. चित्रकारांना विनंती की प्रावरणाला लाल रंग देऊ नये. वरचे प्रावरण ज्या खनिजाचे मुख्यतः बनले आहे ते ऑलिव्हिन हिरवट असते. तोच रंग द्यावा.

दुसरी चूक त्या गोल बाणांची. भूपट्ट एखाद्या पट्ट्यावर ठेवल्यासारखे खालच्या प्रवाहाने वाहून नेले जातात असे त्यातून वाटते. अभिसरण प्रवाहांची कल्पना आर्थर होम्स यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मांडली तेव्हा ती धाडसी आणि मोलाची होती, आणि पृथ्वीच्या आतली उष्णता बाहेर पडताना प्रावरणात अभिसरण होते हे बरोबरच आहे. ही उष्णता सुमारे ४५ टेरावॉट वेगाने बाहेर पडते; तिचा मोठा हिस्सा युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून येतो, उरलेली पृथ्वी घडली तेव्हापासूनची आहे. पण भूपट्ट हा त्या अभिसरणावर बसलेला प्रवासी नाही, तो त्या अभिसरणाचाच वरचा, थंड झालेला थर आहे. मध्य-सागरी पर्वतरांगेपाशी तयार झालेले समुद्रतळ दूर जाताना थंड होते, जाड होते, आणि खालच्या उष्ण प्रावरणापेक्षा किंचित जड होते. सागरी खंदकापाशी ते खाली वळते आणि बुडू लागते. खोलवर गेल्यावर दाबामुळे त्यातल्या बेसाल्टचे एक्लोजाइट या अधिक घन खडकात रूपांतर होते, त्यामुळे बुडणे आणखी जोर धरते. बुडणारा भाग मागच्या भूपट्टाला ओढतो. फोर्सिथ आणि उयेदा यांनी १९७५ मध्ये दाखवले की ज्या भूपट्टाच्या कडेचा मोठा भाग असा बुडतो आहे तेच भूपट्ट वेगाने सरकतात. पॅसिफिक भूपट्ट जपानजवळ वर्षाला ८ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. ज्यांच्या कडा बुडत नाहीत ते बहुतेक भूपट्ट त्याहून बरेच संथ आहेत. पर्वतरांगेच्या उतारावरून मिळणारा रेटा हे दुसरे, तुलनेने लहान बळ. दोन्हींच्या मुळाशी गुरुत्वाकर्षण आहे, आणि घनतेतला फरक निर्माण करते ती उष्णता. धड्यात एवढे चार ओळींत बसते.

भूकंपाला बिंदू म्हणून दाखवण्याची सवयही मोडायला हवी. आकृतीत एक नाभी, तिच्यावर अपिकेंद्र, आणि भोवती वर्तुळे. यातून स्फोटाचे चित्र मनात बसते. स्फोट झाला असता तर चारही दिशांच्या भूकंपमापकांवर पहिला धक्का बाहेरच्या दिशेने आला असता. प्रत्यक्षात नाभीभोवतीच्या केंद्रांचे चार भाग पडतात: समोरासमोरच्या दोन भागांत पहिला धक्का जमीन दूर ढकलणारा, उरलेल्या दोन भागांत आत ओढणारा. भ्रंशाच्या दोन बाजू विरुद्ध दिशांना सरकल्या तरच अशी चौकट तयार होते. बारा केंद्रांच्या खुणा वर्तुळावर मांडून देऊन मुलांना त्यातून दोन छेदणाऱ्या रेषा काढायला सांगाव्यात. त्यांपैकी एक रेषा भ्रंशाची असते. कोणती, हे या नोंदींतून ठरत नाही, त्यासाठी पृष्ठावरची भेग किंवा नंतरच्या लहान धक्क्यांची रांग पाहावी लागते. ही संदिग्धता लपवू नये, ती मुलांना आवडते.

नाभी ही फक्त सुरुवातीची जागा. तिथून सुटणे भ्रंशतलावर सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने पसरत जाते. २६ डिसेंबर २००४ चा सुमात्राचा भूकंप सुमारे १,३०० किलोमीटर लांबीवर पसरला आणि त्याला आठ-दहा मिनिटे लागली. अपिकेंद्र एका टोकाला होते. तिथून शेकडो किलोमीटर दूर असलेली अंदमान-निकोबार बेटेही प्रत्यक्ष सुटलेल्या पट्ट्यावरच होती. ६ फेब्रुवारी २०२३ चा तुर्कस्तानातला ७.८ महत्तेचा (महत्ता म्हणजे भूकंप किती मोठा हे सांगणारी संख्या) भूकंप एका फाट्यावर सुरू झाला, मुख्य पूर्व अनातोलियन भ्रंशावर पोहोचला आणि ३०० किलोमीटरहून लांब पट्टा सोडवत गेला. सुमारे नऊ तासांनी उत्तरेकडच्या दुसऱ्या भ्रंशावर ७.५ चा भूकंप झाला. एका जागी सुटलेला ताण नाहीसा होत नाही, त्यातला काही शेजारच्या भ्रंशावर चढतो. तुर्कस्तानातल्याच उत्तर अनातोलियन भ्रंशावर १९३९ च्या एर्झिंजानपासून १९९९ च्या इझमितपर्यंत मोठे भूकंप बहुतांशी पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेले, त्यामागचे कारण हेच.

महत्तेचा हिशेब शिकवायलाही हाच धागा उपयोगी पडतो. खडकाची दृढता गुणिले सुटलेले क्षेत्रफळ गुणिले सरासरी सरक, म्हणजे भूकंपाचा आघूर्ण. ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर खोल भ्रंशतल सरासरी १.५ मीटर सरकले, दृढता ३० गिगापास्कल: आघूर्ण २.७ गुणिले दहाचा एकोणिसावा घात न्यूटन-मीटर. त्याच्या दशमान लॉगॅरिथममधून ९.१ वजा करून १.५ ने भागले की महत्ता मिळते, ६.९. जपानमधल्या तोहोकूच्या भूकंपासाठी, ११ मार्च २०११, ५०० गुणिले २०० किलोमीटर क्षेत्र आणि सरासरी १० मीटर सरक घेतली तर ८.९ येते; मोजलेली महत्ता ९.० ते ९.१ आहे. (खंदकाजवळ कमाल सरक सुमारे ५० मीटर होती, आणि ओशिका द्वीपकल्पाची जमीन ५ मीटरहून अधिक पूर्वेला गेली.) इयत्ता लहान असेल तर सूत्र देऊ नका, पण मोठा भूकंप म्हणजे मोठे क्षेत्र सुटणे हे सांगाच. तीव्रता, म्हणजे एखाद्या जागी जमीन किती हादरली, ही वेगळी गोष्ट. ती जागोजागी बदलते आणि अंतर, खोली व जमिनीच्या प्रकारावर अवलंबून असते.

आता प्रयोग. धड्यानंतरच्या उपक्रमात हा घालावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे, कारण अडकणे-सुटणे हाताला जाणवल्याशिवाय पटत नाही. एक मीटरभर लांब सपाट फळी घ्या आणि तिच्यावर ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर, पूर्ण लांबीला चिकटवा. अर्धा ते एक किलो वजनाच्या लाकडी ठोकळ्याच्या तळाला तोच कागद लावा. ठोकळ्याच्या पुढच्या बाजूला, तळाच्या शक्य तितक्या जवळ, आकडा बसवा. आकड्याला रबर, रबराला न ताणणारी सुतळी, आणि सुतळीचे दुसरे टोक फळीच्या शेवटी बसवलेल्या फिरत्या दांड्याला. दांड्याला मूठ लावून तो अगदी सावकाश, एका गतीने फिरवा. फळीच्या बाजूला मोजपट्टी चिकटवलेली असावी. प्रत्येक वेळी ठोकळा सुटण्याच्या ऐन आधी रबराची लांबी, सुटल्यानंतरची लांबी आणि ठोकळा किती सरकला, अशा तीन नोंदी घ्या. किमान वीस सुटण्यांच्या घ्या.

बिघडते कुठे, तेही शिक्षक हस्तपुस्तिकेत लिहा. रबर फार ताठ असेल तर ठोकळा अडकत नाही, सरळ घसरत येतो; हलण्यापूर्वी दहा-वीस सेंटिमीटर ताणले जाईल इतके मऊ रबर हवे. ही केवळ सोयीची बाब नाही. सरकण्याबरोबर घर्षण ज्या दराने घटते त्यापेक्षा रबराचे बळ सावकाश घटले तरच झटका बसतो, आणि भ्रंशालाही हाच नियम लागू आहे. हाताने ओढले तर हाताच्या थरथरीने ठोकळा अवेळी सुटतो, म्हणून दांडा हवा. सुतळी वरच्या दिशेला तिरकी झाली तर ठोकळ्याचे नाक उचलले जाते आणि घर्षण कमी होते. काही ओढींनंतर कागदावर भुगा साचतो आणि सरक बदलते. नोंदीत तसे लिहून मग ब्रशने झाडावा. खऱ्या भ्रंशातही दळलेल्या खडकाचा असा थर असतो आणि तो भ्रंशाची वागणूक बदलतो. ठोकळ्यावर दुप्पट वजन ठेवून पुन्हा वीस नोंदी घ्या: सुटण्यासाठी रबर जास्त ताणावे लागेल आणि झटके मोठे होतील. शेवटी दुसरा ठोकळा पहिल्याच्या मागे मऊ स्प्रिंगने जोडा. कधी एकच सुटेल, कधी एकामागून दुसरा, कधी दोघे एकदम. बरिज आणि नोपॉफ यांनी १९६७ मध्ये अशाच ठोकळ्यांच्या साखळीने लहान-मोठ्या भूकंपांचे प्रमाण अभ्यासले होते.

या नोंदींतून दोन गोष्टी मुलांनीच काढाव्यात. दांडा एका गतीने फिरतो, तरी सुटण्यामधला काळ सारखा नसतो आणि झटकेही सारखे नसतात. आणि सुटल्यावर रबर पूर्ण सैल पडत नाही, थोडा ताण मागे उरतो. ‘इतकी वर्षे झाली, आता भूकंप होणारच’ अशा तारीखवार भाकितांचे काय होते हे मग वेगळे समजावावे लागत नाही. पार्कफील्डला १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली साधारण ६ महत्तेचे भूकंप झाले, सरासरी बावीस वर्षांनी. त्यावरून पुढचा १९८८ च्या आसपास, फार तर १९९३ पर्यंत येईल असे भाकीत केले गेले आणि तिथे उपकरणांचे दाट जाळे बसवले गेले. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला, आणि इतक्या उपकरणांनाही आधी खात्रीची पूर्वसूचना मिळाली नाही. मात्र कुठे अडकले आहे आणि किती थकबाकी आहे हे मोजता येते. इमारतींचे नियम त्यावरच ठरतात. धड्यात ‘भूकंपाचे भाकीत करता येत नाही’ एवढेच लिहिलेले असते, त्याला हे दुसरे वाक्य जोडा.

लहान धक्क्यांनी ताण हलका होतो आणि मोठा भूकंप टळतो, हा समजही धड्याने खोडावा. महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनाने वाढली की हजार पट. ७ महत्तेच्या एका भूकंपाची बरोबरी करायला ५ महत्तेचे हजार धक्के लागतील, आणि प्रत्यक्षात तेवढे कुठेच होत नाहीत.

अपवादांना थोडकी जागा पुरे, पण ते वगळू नका. हिमालयाखाली दोन भूखंड वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर जवळ येतात, आणि ‘आदळणे’ म्हणून दाखवतात ते हेच. तिथेही हीच यंत्रणा आहे: जवळजवळ आडवा भ्रंश सुमारे शंभर किलोमीटर रुंदीवर अडकलेला, आणि २५ एप्रिल २०१५ च्या गोरखा भूकंपात त्याचा फक्त खोल भाग सुटला, सुटणे पृष्ठापर्यंत आलेच नाही. भूपट्टाच्या पोटातही जुने भ्रंश असतात आणि कडेवरचे बळ तिथवर पोहोचते. १९७६ चा चीनमधल्या तांगशानचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप असे होते. पाणी भेगांत शिरले की भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबणारे बळ कमी होते आणि घर्षण ढिले पडते. जलाशय भरल्यानंतरचा १० डिसेंबर १९६७ चा ६.३ महत्तेचा कोयना भूकंप या विषयात जगभर शिकवला जातो. कोलोरॅडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ दरम्यान पाण्याचा दाब वाढवून आणि घटवून पाहिले, तेव्हा धक्क्यांची संख्याही तशीच वाढली आणि घटली. बळे तीच होती, बदलले ते घर्षण. आणि ६०० किलोमीटरहून खोल, जसे १९९४ चा ८.२ महत्तेचा बोलिव्हियाचा भूकंप, तिथे दाब इतका की साधे घर्षण अशक्य. बुडणाऱ्या भूपट्टातल्या खनिजांची रचना बदलताना ते सुटणे होत असावे, असे आजचे मत आहे. वरच्या इयत्तेत हे जरूर सांगा.

प्रश्नपत्रिकेबद्दल शेवटची विनंती. ‘भूकंपाची कारणे लिहा’ हा प्रश्न आला की पाठ केलेले ते एकच वाक्य परत येते. त्याऐवजी हे विचारता येईल: एका भ्रंशाच्या दोन बाजू वर्षाला २ सेंटिमीटर सरकतात, शेवटचा मोठा भूकंप २०० वर्षांपूर्वी झाला; आता किती सरक साठली असेल, आणि भ्रंश अधूनमधून संथपणे घसरत असेल तर हे उत्तर कसे बदलेल? किंवा: भ्रंशाजवळच्या पाच जीपीएस केंद्रांचे वेग दिले आहेत, भ्रंश अडकलेला आहे की मोकळा ते सांगा. किंवा ठोकळ्याच्या प्रयोगातल्या वीस नोंदींचा तक्ता देऊन पुढची सुटण्याची वेळ कितपत सांगता येईल, कारणासह लिहा. गुणांकन करताना पहिल्या प्रश्नात ४ मीटर या उत्तराला एक गुण आणि ‘घसरण्याने थकबाकी कमी होते’ या कारणाला दोन गुण ठेवावेत. आकृत्यांचे कच्चे आराखडे, प्रयोगाची मापे आणि केंद्रांच्या वेगांचे तक्ते तपासून देण्याची आमची तयारी आहे. पुढच्या आवृत्तीचा मसुदा चित्रकाराकडे जाण्यापूर्वी तो पाहायला मिळावा.

आपले,
भूकंपशास्त्र आणि भूविज्ञान शिकवणारे व अभ्यासणारे काही जण